ब्लँकेट नको, साक्ष द्या

थंडी वाढली की गावाबाहेरच्या पालांवर ब्लँकेट वाटायला गाड्या येतात. कुणाच्या वाढदिवसाची, कुणाच्या जयंतीची, कुठल्या मंडळाची. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि ब्लँकेटही उबदार असतं. पण गाडी निघायच्या आत पालातल्या बाईला एकदा विचारून बघा, तुम्हाला काय हवंय. ती म्हणेल, "तेवढं रेशनकारडाचं बघा की, दादा."

मग गाडीतली मंडळी एकमेकांकडे बघतात. ब्लँकेट बाजारात मिळतं. रेशनकार्डासाठी कुणाला तरी तिच्यासोबत तहसील कचेरीत जावं लागतं, एकदा नव्हे, अनेकदा. तिथे साहेब दौऱ्यावर असतात, सर्व्हर डाऊन असतो, अर्जाला एक कागद कमी असतो. एवढा वेळ द्यायची तयारी असलेला माणूस हीच या कुटुंबांची खरी गरज आहे.

नंदीवाले, वैदू, मसणजोगी, मरीआईवाले, गोपाळ, डोंबारी, घिसाडी, बहुरूपी, पारधी. यांतल्या हजारो घरांना आजही कागद नाही. घर म्हणजे पाल, म्हणजे चार काठ्या आणि वर मेणकापड. आता त्यांची कोंडी बघा. रेशनकार्डाला आधार लागतं. आधारला पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड नाहीतर लाइटबिल चालतं. लाइटबिलाला घर लागतं. घरकुलाला जातीचा दाखला लागतो. आणि जातीच्या दाखल्याला १९६१ सालचा पुरावा.

१९६१ कुठून आलं? महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक आहे २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवसापूर्वी तुमचं कुटुंब राज्यात होतं आणि त्याच जातीचं होतं, हे दाखवायचं. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा आणा, महसुली कागद आणा. शिवाय अर्ज करायचा तो त्या दिवशी घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयात. ज्यांच्या जमातीला सरकारनंच 'भटकी' म्हणून यादीत घातलं, त्यांना तेच सरकार विचारतं की त्या दिवशी तुमचा मुक्काम कुठे होता. मुक्काम होता कुठल्या तरी ओढ्याकाठी. आजोबा शाळेच्या पटावर नव्हते, आजी सातबाऱ्यावर नव्हती आणि बाळंतपण बाभळीखाली झालं होतं.

विमुक्तांची गोष्ट आणखी कडू. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो वाढवत नेला. जन्माला आलं की गुन्हेगार. नावं रजिस्टरात, बोटांचे ठसे सरकारजमा, पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. देशभरातला हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. आता हिशोब करा. १९५२ ला माणूस कुंपणाबाहेर आला आणि १९६१ च्या आतला शाळेचा दाखला त्याच्या नातवाकडे आज मागितला जातो. मधली नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत त्यानं जमीन घ्यायची होती, पोर शाळेत घालायचं होतं आणि कागद पेटीत जपून ठेवायचा होता. पेटी ठेवायला घरही बांधायचं होतं.

गुन्हेगार म्हणून नोंदवताना राज्याला एकही माणूस सापडायचा राहिला नाही. तेव्हा कुणी पत्त्याचा पुरावा मागितला नाही. आज नागरिक म्हणून नोंदवताना मात्र हीच माणसं सापडत नाहीत, असं कुणी सांगितलं तर मी ते मानणार नाही.

कायदा या लोकांना विसरलेला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण कचेरीत ते कुणी सांगत नाही. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ५ वाचा. प्राधिकरणानं ज्यांच्यासाठी विशेष उपाय करायचे, त्या यादीत भटक्या जमातींचं नाव स्पष्ट शब्दांत आहे. ज्यांना कायमचं राहतं घर नाही, तेही आहेत. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तेही महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. सुरुवात योग्य दारातून झाली होती. पुढे हे कार्ड असल्याशिवाय कुठलंच दार उघडेना आणि ज्यांच्या दारात आधी जायचं होतं ते मागे राहिले.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मारुतीच्या सभामंडपात भरलेलं शिबिर मी पाहिलं. भरवलं होतं एका झेडपी शाळेच्या गुरुजींनी आणि गावातल्या पाच-सहा पोरांनी. आधारचं यंत्र तालुक्याहून मागवलेलं. रांगेत एक घिसाडी आजी होती. जन्मभर घण मारलेला. ऑपरेटरनं तिची बोटं काचेवर ठेवली, पडद्यावर लाल खूण आली. ओल्या फडक्यानं पुसली, पुन्हा लाल. एका पोरानं चहाच्या टपरीवरून लिंबू आणलं, बोटांना चोळलं, पुन्हा लाल. रेषा झिजून गेल्या होत्या. आजी ऑपरेटरला म्हणाली, "बाबा, बोटं कामाला गेली. आता तुला कुठून दिऊ?" गुरुजींना नियम माहीत होता. बोटं उठत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवर नोंद घेता येते, तेही जमलं नाही तर अपवाद म्हणून घेता येते. त्यांनी ऑपरेटरला ते करायला लावलं. गुरुजी तिथे नसते तर आजी "मशीन घेत नाही" एवढं ऐकून पालावर परतली असती. असं ऐकून परतलेल्या बायका गावोगावी आहेत.

त्याच रांगेत जन्मतारखांचं काम चाललं होतं. "पोरगी कधी झाली?" "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी." "कुठल्या साली?" "किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या दोन वरसांनी." किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. म्हणजे १९९५ चा पोळा. पंचांग बघितलं की तारीख निघते. आईच्या आठवणीत तारीख इतकी पक्की असते, ती कागदावर उतरवायला बसणारा माणूस हवा. तो नसला की शाळेत १ जून पडते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातला पट उघडून बघा, अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला दिसेल. आपण हे इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की त्यात कुणाला काही खटकत नाही.

जन्मनोंदीचं आता आणखी अवघड झालंय. जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. दवाखान्यात झालेला जन्म दवाखान्यानंच कळवायचा असतो, पण कुटुंब तोवर पुढच्या जिल्ह्यात गेलेलं असतं आणि दाखला घ्यायला परत कुणी येत नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. शाळा, मतदारयादी, सरकारी नोकरी, सगळीकडे तोच. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिरा नोंदणीचे दाखले देणं काही काळ थांबलं आणि नंतर त्याचे नियम कडक झाले. खोट्या दाखल्यांच्या तक्रारी होत्या, चौकशी व्हायलाच हवी. पण कडक नियमाचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याच्याकडे वकील आहे त्याला बसत नाही. पालावर जन्मलेल्या पोराला बसतो. ते पोर आज दोन वर्षांचं असेल, तर त्याची १९६१ ची कथा आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर तयार होते आहे. चाळीस वर्षांनी त्याच्याकडेही कुणी तरी कागद मागेल.

म्हणून पालावरच्या लेकरासाठी सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे अंगणवाडी सेविका आणि आशाताई. लसीकरणाचं कार्ड आणि अंगणवाडीच्या रजिस्टरातली ओळ हा त्या लेकराचा पहिला लेखी पुरावा असतो. "हे आमच्या गावचे नाहीत" म्हणून ती ओळ लिहायची राहिली की पुढची सगळी साखळी तुटते. लस मात्र दिलेली असते.

शाळेत प्रवेशासाठी वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १४. हे बहुतेक मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. अडचण दुसरीकडे आहे. शाळेची संचमान्यता आता आधार जुळलेल्या मुलांवर ठरते. आधार नसलेलं मूल पटावर घेतलं तर ते शिक्षकांच्या पदांच्या हिशोबात धरलं जात नाही. म्हणजे भल्या गुरुजींनी पालावरची दहा मुलं आणली तर शाळेच्या कागदावर ती मुलंच नाहीत. गुरुजींना असल्या पेचात टाकणारी व्यवस्था बदलली पाहिजे. तोवर या गुरुजींच्या पाठीशी गाव उभं राहिलं पाहिजे.

आता मदतीचं. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांची रीत साधी आहे. आधी पालावर बसून वंशावळ काढायची. म्हाताऱ्या माणसांना सात पिढ्या तोंडपाठ असतात. त्यातून कोण कुठे स्थिरावलंय ते कळतं. एखादा चुलत आजा वडाराच्या वस्तीवर राहिला, त्याच्या मुलाचं नाव १९५८ साली शाळेत घातलं गेलं, असं काही तरी निघतं. तो कागद एकट्याचा राहत नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाला जात वैधता मिळाली, की ती पुढच्या भावकीसाठी भक्कम पुरावा धरली जाते. एक दार उघडलं की मागची पंधरा घरं आत येऊ शकतात. म्हणून पहिल्या प्रकरणावर जीव ओतायचा. आणि कागद अजिबातच निघाला नाही तर स्थानिक चौकशीची मागणी करायची. अधिकाऱ्यानं पालावर यावं, बोली ऐकावी, देव बघावेत, लग्नाच्या चालीरीती विचाराव्यात, शेजारच्या गावात खात्री करावी आणि दाखला द्यावा. ही वाट आहे. ती चालवायला अधिकाऱ्याला पालापर्यंत आणणारं कुणी तरी हवं.

इथेच एजंट घुसतो. खालच्या टेबलाला एक भाव, वरच्याला दुसरा. प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो म्हणून पैसे काढतो. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला हे मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि २०१५ पासून बऱ्याच कामांत साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. हे दोन नियम मोठ्या अक्षरांत प्रत्येक तहसील कचेरीच्या भिंतीवर लिहिले पाहिजेत. भिंतीवर जागा नसेल तर नेत्यांचे फ्लेक्स काढा.

याद्यांचा घोळही सोडवायला हवा. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातीत. पारधी म्हणून सगळे सारखाच मार खातात, पोलिसांच्या गाडीत सारखेच बसवले जातात, दाखला काढताना मात्र पोटजातीवरून वेगळे होतात. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त. एका घरातल्या दोन भावांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांत मुक्काम केला तर त्यांच्या मुलांच्या सवलती वेगळ्या.

तमाशातल्या आणि संगीतबारीतल्या बायकांच्या मुलांबद्दल तर बोललंच जात नाही. अर्जात बापाचं नाव मागतात. लेखक किशोर शांताबाई काळे यांनी आपल्या नावात आईचं नाव लावलं तेव्हा ते धाडस होतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारनंच बंधनकारक केलं. चांगलं केलं. पण नाव आईचं आणि जातीचा पुरावा बापाकडचाच, हे अर्धवट राहिलं. ज्या मुलाला आईनंच वाढवलं त्याला आईच्या नात्यावरून दाखला मिळाला पाहिजे, कोर्टाची पायरी न चढता.

विमुक्त-भटक्यांसाठी आयोग झाले. बाळकृष्ण रेणके यांचा अहवाल २००८ चा, भिकूजी इदाते यांचा त्यानंतरचा. दोघांनीही कागदांचा प्रश्न मांडला. २०२२ साली केंद्रानं 'सीड' योजना आणली, पाच वर्षांसाठी २०० कोटी. राज्याची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ पासून आहे, पाच गुंठे जागा आणि छोटं घर. दोन्ही योजना चांगल्या आहेत. दोन्हींच्या अर्जात दाखला मागतात.

एक गोष्ट मात्र व्यवस्थेला जमते. बेघर माणसाचं नाव मतदारयादीत घालायचं तर पत्त्याचा कागद सक्तीचा नाही. मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओनं रात्री त्या जागी जाऊन तो माणूस तिथे झोपतो का, ते बघायचं असतं. निवडणूक आयोगाचा हा नियम मला फार आवडतो. कागद नाही तर जा आणि बघ. मतासाठी हे करता येतं तर धान्यासाठी का येऊ नये? पुरवठा निरीक्षकानं एक रात्र पालावर जावं. थंडीच्या दिवसांत जावं म्हणजे जास्त लवकर खात्री पटेल.

खोटे लोक घुसतील, ही शंका दर वेळी पुढे येते. येऊ दे, उत्तर आहे. जातीचे खोटे दाखले काढून नोकऱ्या आणि जागा लाटणाऱ्यांची प्रकरणं महाराष्ट्रानं भरपूर पाहिली आहेत. त्या लोकांकडे कागद होते, भरपूर होते, शिक्क्यांसकट होते. कागदावर विसंबलेली व्यवस्था त्यांनीच फसवली. पालावर जाऊन, चार शेजाऱ्यांना विचारून केलेली चौकशी फसवणं जास्त कठीण आहे.

आणि नुसता कागद माणसाला वाचवतही नाही. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आठवडी बाजाराचा दिवस. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्या गर्दीत "मी यांना ओळखतो" म्हणून आडवा झालेला एक आवाज पुरला असता की नाही, कुणास ठाऊक. पण अशा आवाजांची गावाला सवय असती तर अफवेला इतकं बळ मिळालं नसतं. पूर्वी डवरी गोसावी दारात आला की घरातली म्हातारी त्याला नावानं हाक मारायची, गेल्या सालचं सुपातलं जोंधळं आठवायची. ही ओळख आपल्या पिढीनं गमावली आहे. मी शिबिरांचा, वंशावळींचा आग्रह धरतो त्याचं हेही कारण आहे. पालावर बसून सात पिढ्या लिहून घेणारं गावातलं पोर पुढे त्या माणसावर दगड उचलणार नाही.

तेव्हा सरपंचांनो, तुमच्या शिवारात पाल उतरलं असेल तर रहिवासाच्या पत्रावर सही करा आणि ग्रामसभेत ठराव घ्या. पोलीस पाटलांनो, वर्दी लिहिता तशी खात्रीही लिहून द्या. एनएसएसच्या प्राध्यापकांनो, या वर्षीच्या शिबिरात रस्ता झाडण्याऐवजी एक वस्ती घ्या आणि तिथल्या प्रत्येक घराची वंशावळ लिहून काढा. तालुक्याच्या वकिलांनो, महिन्यातलं एक प्रकरण फुकट चालवा. आणि ज्यांची ब्लँकेटची गाडी या आठवड्यात निघणार आहे, त्यांनी गाडीत एक वही, शाईचा पॅड आणि तहसील कचेरीचा रस्ता माहीत असलेला एक माणूस बसवावा. साक्षीदार म्हणून अर्जावर तुमचं नाव, तुमची सही आणि तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स लागेल.